बेसमेंटसाठी पूल टेबल: आधी जिना मोजा, मग टेबल बघा

न्यू जर्सीत घर घेतलं की पहिल्या वर्षी माणूस लॉन कापायला शिकतो, दुसऱ्या वर्षी डेकला रंग लावतो आणि तिसऱ्या वर्षी त्याची नजर बेसमेंटकडे वळते. तोवर तिथे रिकामे खोके, मुलांच्या लहान झालेल्या सायकली, गणपतीच्या मखराचं सामान आणि तांदळाची पोती एवढंच असतं. मग एखाद्या शनिवारी कुणाकडे तरी जेवायला जाणं होतं. जेवणानंतर मंडळी खाली उतरतात, तिथे पूल टेबल असतं, रात्रीचा एक वाजला तरी कुणी वर यायला तयार नसतं. परतताना गाडीत विषय निघतोच: "आपल्याकडेही बसेल की एखादं!"

मी या फंदात दोनदा पडलो. पहिल्यांदा एका मोठ्या दुकानातून नवंकोरं, चकचकीत, खोक्यात भरून येणारं टेबल सातशे डॉलरला आणलं. दोन उन्हाळे गेले आणि त्याला मधोमध पोट सुटलं. कुठूनही मारा, बॉल मधल्या पॉकेटाकडे ओढला जायचा. दुसऱ्यांदा एका सेवानिवृत्त जोडप्याकडून तीस वर्षं जुनं दगडी, म्हणजे कापडाखाली दगडाची पाटी असलेलं, टेबल घेतलं. ते अजून ठणठणीत आहे. सगळा खर्च धरून ते मला साधारण बाराशेला पडलं. पहिल्या वेळी जे कळलं नाही ते दुसऱ्या वेळी कळलं, म्हणून हे लिहितोय. कमी पैशांत चांगलं टेबल मिळतं, पण खरेदीचा क्रम उलटा ठेवावा लागतो. टेबल सगळ्यात शेवटी बघायचं.

खोली: टेबल नाही, काठी मोजायची

पुण्या-मुंबईच्या जिमखान्यातलं टेबल डोळ्यासमोर असेल तर ते आधी बाजूला ठेवा. ते १२ फुटी, स्नूकर-बिलियर्ड्सचं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले ते असल्या टेबलावर. त्याला खोलीच १६ बाय २२ फुटांची लागते. अमेरिकी घरांत चालतात ती पूलची टेबलं ७, ८ आणि ९ फुटी. ही नुसती नावं आहेत. खरं माप म्हणजे कुशनच्या (कडेच्या रबरी पट्टीच्या) नाकापासून समोरच्या कुशनच्या नाकापर्यंतची खेळायची जागा, आणि ती लांबीला रुंदीच्या दुप्पट असते. ७ फुटी म्हणजे ३९ बाय ७८ इंच (बारमधलं नाणं टाकून खेळायचं टेबल किंचित लहान, ३८ बाय ७६), ८ फुटी म्हणजे ४४ बाय ८८, ९ फुटी म्हणजे ५० बाय १००.

क्यू, म्हणजे खेळायची काठी, साधारण ५८ इंचांची. बॉल कुशनला चिकटून थांबला की अख्खी काठी टेबलाबाहेर येते. म्हणून हिशोब असा: खेळायच्या जागेची रुंदी अधिक दोन काठ्या, लांबी अधिक दोन काठ्या. ७ फुटी टेबलाला खोली लागते १२ फूट ११ इंच बाय १६ फूट २ इंच. ८ फुटीला १३ फूट ४ इंच बाय १७ फूट. ९ फुटीला १३ फूट १० इंच बाय १८ फूट. हे अगदी कमीत कमी. मारण्याआधी काठी मागे ओढावी लागते, त्यासाठी प्रत्येक बाजूला आणखी पाच-सहा इंच असले तर कोपर भिंतीला घासत नाही.

या आकड्यांत एक गंमत आहे. ९ ऐवजी ७ फुटी घेतलं तरी रुंदीत वाचतात फक्त ११ इंच, कारण जागा टेबल खात नाही, काठी खाते. तेव्हा "खोली जरा अरुंद आहे, लहान टेबल घेऊ" हे दोन-चार इंचांच्या अडचणीपुरतं खरं. तीन फूट कमी पडत असतील तर कुठलंच टेबल तुम्हाला वाचवणार नाही. तिथे कॅरम बोर्ड बरा.

आता बेसमेंटची खास अडचण: खांब. घराच्या मधल्या तुळईला टेकू देणारा तो लोखंडी खांब काढता येत नाही, अख्खं घर त्याच्यावर उभं असतं. तेव्हा मोजमाप भिंतीपासून नाही, खांबापासून घ्यायचं. खांब टेबलाच्या कोपऱ्याच्या दिशेला आला तर निभावतं. लांब बाजूच्या मधोमध आला तर दर दुसऱ्या डावात शिव्या. एखाद्याच जागी अडत असेल तर ५२ किंवा ४८ इंची आखूड क्यू भिंतीला टांगून ठेवा. दोन-तीन बाजूंना आखूड काठी घ्यावी लागत असेल तर मात्र तो खेळ राहत नाही, कसरत होते.

कागदावरच्या नकाशावर विश्वास ठेवू नका. मी काय केलं ते सांगतो. मास्किंग टेपने फरशीवर ४४ बाय ८८ इंचांचा आयत आखला. झाडूचा जुना दांडा ५८ इंचांवर कापला. टेबलाची उंची तीस इंचांच्या आसपास असते, म्हणून इस्त्रीचं टेबल तेवढ्या उंचीला लावलं आणि ते आयताच्या कडेकडेने सरकवत, वाकून, दांडा मागे-पुढे करत फेरी मारली. जिन्यावरून बायको हे सगळं बघत होती. "अहो, निदान पडदे तरी लावा," म्हणाली. पण त्या अर्ध्या तासात टेपने न दिसलेल्या दोन गोष्टी दिसल्या: एका बाजूला दांडा जिन्याच्या तिरक्या पोटाला आपटत होता, आणि दुसऱ्या बाजूला खिडकीची चौकट चार इंच पुढे आलेली होती. आयत फूटभर सरकवला, काम झालं.

दोन गोष्टी आणखी बघा. इलेक्ट्रिकच्या पॅनेलसमोर ३६ इंच जागा मोकळी ठेवायचा नियम आहे. आणि बॉयलर किंवा पाणी तापवायच्या टाकीचं काम करायला प्लंबर आला तर त्याला आत जाता आलं पाहिजे. टेबल काही हलणार नाही.

जिना

इथे बहुतेक लोक फसतात. ८ फुटी दगडी टेबलाचा दगड एक इंच जाडीचा असेल तर तो एकटाच साडेचारशे-पावणेपाचशे पौंड भरतो. सुदैवाने घरगुती टेबलांत तो बहुधा तीन तुकड्यांत असतो. एक तुकडा साधारण ५० बाय ३३ इंच, वजन दीडशे पौंडांच्या आसपास. दोन धडधाकट, सवयीची माणसं तो जिन्यावरून उतरवतात. अख्खं टेबल सातशे ते हजार पौंडांपर्यंत जातं, पण सुटं केल्यावर ते तुकड्यातुकड्याने उतरतं.

सुटं होतं का, हेच विचारायचं. बारमधल्या टेबलांत दगड एकच, अखंड असतो. जागा बदलायला ती सोयीची, कारण उचलून नेली तरी दगडाचे जोड पुन्हा जुळवावे लागत नाहीत. पण वळणाच्या जिन्यावरून चारशे पौंडांचा एकसंध दगड खाली नेणं म्हणजे जिवाशी खेळ. काही घरगुती टेबलांचा लाकडी सांगाडाही जोडून डिंकाने पक्का केलेला असतो. दगड काढला तरी आठ फुटी पेटारा तसाच राहतो. जिन्याला मध्ये काटकोनात वळण असेल तर असा पेटारा उतरतच नाही. विकणाऱ्याला फोनवरच विचारा: "दगड किती तुकड्यांत आहे, आणि खालचा सांगाडा बोल्ट काढून सुटा होतो का?" माहीत नसेल तर टेबलाखालून फोटो पाठवायला सांगा.

आपल्या घरी जिन्याची रुंदी (कठड्यासकट), वळणावरच्या चौथऱ्याची लांबी-रुंदी आणि उतरताना डोक्यावरची कमीत कमी उंची, हे तीन आकडे लिहून ठेवा. बाहेरून बेसमेंटमध्ये उतरणारी लोखंडी झडप असेल, किंवा मागच्या अंगणातून सरळ आत येणारं दार असेल, तर तुम्ही नशीबवान.

दगड की भुसा

ज्या दगडी पाटीवर आपल्या आधीच्या पिढ्यांनी मुळाक्षरं गिरवली, तोच हा दगड, स्लेट. थरांत सुटतो, घासून आरशासारखा सपाट होतो आणि दमटपणाने वाकडा होत नाही. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ साली टेबलाला तो लावला, त्याआधी लाकडी फळ्या असायच्या. चांगला दगड आता ब्राझील, इटली, चीन इथून येतो. कुठून आला यावर विकणारा बरंच व्याख्यान देतो. घरगुती खेळासाठी मी तिकडे लक्ष देणार नाही. जाडी बघा: पाऊण इंच चालतो, सातअष्टमांश बरा, एक इंच उत्तम.

दुकानातली स्वस्त टेबलं एमडीएफची असतात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली. त्याला भारदस्त, दगडासारखी वाटणारी नावं देतात. नावात "स्लेट"सारखं काही असलं तरी खाली भुसाच असू शकतो. कॅरम खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला बोर्ड गणपतीपर्यंत कसा धनुष्य होतो ते आपण पाहिलंय. बेसमेंट म्हणजे बाराही महिने थोडा पावसाळा. माझ्या पहिल्या टेबलाचं जे झालं ते यामुळे. आणि असं टेबल दुरुस्त होत नाही, ते शेवटी रस्त्याच्या कडेला जातं.

मुलं सहा-सात वर्षांची आहेत, चार दिवसांत कंटाळतील की काय कळत नाही, अशी शंका असेल तर एमडीएफचं टेबलही जुनंच घ्या, शंभराच्या आत. नव्यासाठी सातशे मोजू नका. त्याच पैशांत जुना दगड येतो.

दगड आहे हे ओळखायचं कसं? टेबलाखाली वाका आणि टॉर्च मारा. राखाडी, थंडगार, खडबडीत पृष्ठभाग दिसला तर दगड. काही टेबलांत दगडाच्या खालच्या कडेला लाकडी पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे नुसतं लाकूड दिसून फसायला होतं. अशा वेळी पॉकेटच्या तोंडाशी कापडाची कड बोटाने दाबून बघा. आतली धार दगडाची की भुशाची ते लगेच कळतं. कडेच्या पट्ट्यांखाली मोठे बोल्ट मोजा. दोन पॉकेटांमध्ये तीन-तीन, असे एकूण अठरा असतील तर टेबल बहुधा दगडी आहे. आणि सगळ्यात सोपी परीक्षा: कोपरा धरून उचलायचा प्रयत्न करा. उचलला गेला तर घरी परत या.

जुनं टेबल बघायला जाताना

जुनी टेबलं इथे सतत विकायला निघतात. मुलं कॉलेजात जातात, आईवडील लहान घरात राहायला जातात, टेबल नव्या घरात मावत नाही. "फुकट, फक्त घेऊन जा" अशाही जाहिराती असतात आणि त्या खोट्या नसतात. टेबल हलवायचा खर्च विकणाऱ्याला परवडत नाही, एवढंच. घर रिकामं करायची तारीख जवळ आली की किंमत पडते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बघा.

ब्रन्सविक, ऑल्हाउसन, कॉनेली ही नावं दिसली तर थांबून बघावं. ब्रन्सविक १८४५ पासूनची कंपनी, आणि १९६१ साली बाजारात आलेलं त्यांचं 'गोल्ड क्राउन' आजही क्लबांत दिसतं. ते मात्र ९ फुटी असण्याचीच शक्यता जास्त, खोली पुरते का ते आधी पाहा. नावावर भाळू नका. मोठ्या कंपन्यांनीही स्वस्तातली टेबलं काढली आहेत. अनोळखी नावाचं, पण एक इंची तीन तुकडी दगडाचं टेबल मी डोळे मिटून आधी घेईन.

बरोबर टॉर्च, मोजपट्टी, छोटी पाणसळ आणि खिशात एक-दोन बॉल घेऊन जा. बघताना मी या क्रमाने जातो.

आधी पाय. पायांवर तळापासून काही इंचांवर आडवी, फिकट रेघ दिसते का? ती पाण्याची खूण. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीतली किती बेसमेंट भरली ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि त्यातली टेबलं पुसून-वाळवून पुन्हा बाजारात येऊ शकतात. पाण्याने दगडाला काही होत नाही, पण सांगाड्याचं लाकूड फुगतं, सांधे सुटतात. मग टेबलाला कमरेने धक्का द्या. डगमगलं तर पाय आणि सांगाडा नीट तपासा.

मग कुशन. टेबलाचा जीव दगडात, पण खेळ कुशनच्या रबरात. रबर वीस-तीस वर्षांत कडक होतं. नख रुतवून बघा, दाबलं जाऊन परत यायला हवं. खडूसारखं टणक लागलं किंवा चुरा पडला तर गेलं. नंतर बॉल एका टोकाला ठेवून लांबीच्या दिशेने सणसणीत मारा. चांगल्या टेबलावर तो चारदा तरी लांबी पार करतो. जुनं, मळलेलं कापड असेल तर साडेतीनवर समाधान माना. अडीच-तीनलाच दम तोडला तर रबर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. सहाही पट्ट्यांवर बॉल हलका आपटत जा आणि कान द्या. एके ठिकाणी "ठप्प" असा पोकळ आवाज आला तर तिथला बोल्ट सैल आहे, किंवा रबर लाकडापासून सुटलंय. बोल्ट सैल असेल तर पाच मिनिटांचं काम, आणि विकणाऱ्याला ते माहीत नसतं.

मग दगड. कापडाखाली हाताने जोड चाचपा. जोडावर उंचवटा लागला तरी घाबरू नका, तो बसवताना जातो. कोपऱ्यात, बोल्टाच्या भोकाशी तडा असेल तर मात्र मी टेबल सोडून देतो. टेबल आत्ता लेव्हलमध्ये नसलं तरी चालेल. तुम्ही ते तसंही सुटं करणार आहात.

कापड फाटलंय, त्यावर वाइन सांडलीय, मांजराने नखं मारलीत? उत्तम. त्या नावाखाली शंभर डॉलर कमी करा. कापड तुम्ही बदलणारच आहात.

फुकट टेबलाचा हिशोब

माझा हिशोब असा पडला: टेबल २५०, सोडवून आणून बेसमेंटमध्ये बसवण्याचे ४५०, नवं कापड लावण्यासकट ३५०, बॉल-काठ्या-खडू-ब्रश १५०. बाराशे. म्हणजे टेबल फुकट असतं तरी साडेनऊशे गेलेच असते. आणि रबरही बदलावं लागलं असतं तर आणखी तीन-चारशे. म्हणून दोनशे डॉलर जास्त देऊन चांगल्या रबराचं टेबल घेणं हे फुकटातलं मेलेल्या रबराचं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. दर गावागणिक, मैलांगणिक आणि जिन्याच्या पायऱ्यांगणिक बदलतात, तेव्हा टेबलाला हो म्हणण्याआधी बसवणाऱ्याकडून आकडा घ्या.

हे बसवणारे लोक स्वतःला टेबल मेकॅनिक म्हणवतात, आणि तो वेगळा धंदा आहे. सामान हलवणाऱ्या साध्या कंपनीला हे काम देऊ नका. मित्रांनाही नाही. पिकअप ट्रक आणि बिर्याणीच्या आमिषावर चार मित्र जमतात हे खरं, पण दगडाचा कोपरा जिन्याच्या कडेला एकदा लागला की टवका उडतो, आणि तो टवका नेमका पॉकेटच्या तोंडाशी असतो. पाठीचं दुखणं निराळंच. मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा: लेव्हल कशाने करता, दगडांचे जोड कशाने भरता, आणि वाटेत दगड फुटला तर विमा कुणाचा? पहिल्याला तो "यंत्रकामाच्या बारीक लेव्हलने" म्हणाला, दुसऱ्याला "मेणाने" किंवा एखाद्या कडक भरावाचं नाव सांगितलं आणि तिसऱ्याला कागद दाखवायला तयार झाला, तर माणूस कामाचा.

आमच्याकडे आलेला गृहस्थ साठीचा होता. सांगाडा उभा केला, त्यावर तिन्ही दगड मांडले, आणि पुढचे दीड तास तो फक्त पाचरी सरकवत होता. पत्त्याच्या कागदाएवढ्या पातळ. गवंडी पाणसळ ठेवून फरशी बसवतो तसंच, पण बारीक. मग छोट्या बर्नरने मधमाश्यांचं मेण वितळवून जोडांत ओतलं, गार झाल्यावर पात्याने खरवडलं आणि त्यावरून तळहात फिरवला. मलाही फिरवायला लावला. जोड कुठे आहे ते सापडलं नाही.

कापड, बॉल, काठ्या

कापड दोन जातींचं. एक लव असलेलं, साध्या लोकरी वीणीचं. ते स्वस्त, थोडं मंद आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालणारं. दुसरं गुळगुळीत, पिळदार धाग्याचं, ज्यावर बॉल वाऱ्यासारखा पळतो. बेल्जियमची सिमोनिस कंपनी या दुसऱ्यासाठी प्रसिद्ध. तिचं कापड महाग, पण टिकतं. घरात मुलं आणि पाहुणेच खेळणार असतील तर पहिलं पुरे. रंग बायकोला, मुलांना निवडू द्या, खेळात काही फरक पडत नाही.

बॉलवर मात्र पैसे वाचवू नका. स्वस्त पॉलिएस्टरचे बॉल दोन वर्षांत पिवळे पडतात, टवके उडतात आणि तेच टवके कापड ओरबाडतात. फिनॉलिक रेझिनचे घ्या. आरामिथ हे नाव त्यात भरवशाचं, आणि जुना संचही चालतो. माप सव्वादोन इंच, हे तेवढं बघून घ्या. टेबलाबरोबर जुने बॉल मिळाले तर ओल्या फडक्याने पुसून उजेडात धरा, टवके दिसतील.

काठ्या चार पुरतात. घेताना टेबलावर लोळवून बघा. टोक वरखाली नाचलं तर काठी वाकडी.

ओल आणि उजेड

टेबल यायच्या महिनाभर आधी बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर लावा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. दगडाला गरज नाही, पण कापड, रबर, सांगाडा आणि काठ्या यांना आहे. संप पंप (बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर फेकणारा) असेल तर त्याला बॅटरीची जोड द्या. पाऊस आणि वीज जाणं हे जोडीने येतं. भिंतीशी पांढरी भुकटी किंवा कुबट वास असेल तर आधी ती ओल काढा, टेबल सहा महिने थांबेल.

फरशीचं वजन पेलण्याबद्दल चिंता नको, काँक्रीट आहे. ती सपाट मात्र नसते, बऱ्याचदा पाणी वाहून जायच्या जाळीकडे हलका उतार असतो. टेबल लेव्हल करताना तो निघतो, पण जाळी टेबलाच्या मधोमध येणार नाही एवढं पाहा. गालिचा घालायचा असेल तर टेबलाआधी घाला. नंतर घालायचा म्हटलं तर मेकॅनिकचे साडेचारशे पुन्हा.

दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ३२ ते ३६ इंच वर असला की सावल्या पडत नाहीत आणि डोळ्यांवर येत नाही. बेसमेंटचं छत सात फुटी असेल तर त्याखाली टेबलापर्यंत साडेचार फूट उरतात, म्हणजे साखळीवर टांगलेला लांबट दिवा नीट बसतो. टेबल पक्कं बसल्यावरच दिवा टांगा. आधी टांगून नंतर त्याच्याखाली टेबल आणायला गेलं की ते हमखास अर्धा फूट इकडेतिकडे होतं, कारण खांब, कारण खिडकी.

पहिले तीन महिने लाकूड आणि गालिचा दोन्ही वजनाखाली बसत असतात. तेव्हा तीन महिन्यांनी एक परीक्षा घ्या. पांढरा बॉल लांब कुशनला समांतर, अगदी हळू सोडा, इतका हळू की पलीकडे जेमतेम पोचेल. शेवटच्या फुटात तो एका बाजूला वळला तर लेव्हल हललीय. चारही बाजूंनी, दोन्ही दिशांनी हे करा, नाहीतर कापडावरच्या कणाचा दोष टेबलाला लागेल. आमच्याकडे खिडकीकडच्या कोपऱ्यात बॉल वळत होता. मी फोन केला, तो साठीचा मेकॅनिक त्याच आठवड्यात येऊन गेला. एका पायाचा पेच पाव फेरा फिरवला, बॉल सोडला, पुन्हा आठवा भाग फिरवला, पुन्हा सोडला. दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत. आईने आल्याचा चहा दिला, तो मात्र दोनदा मागून घेतला.